‘तडीपार’ आणि रसविघ्ने : एका रॅपसंग्रहाच्या मूल्यमापनातील वाद

समीक्षकांना जे रुचत नाही त्यावर सामान्य रसिक लुब्ध होतो, हा अनुभव मराठी कलाव्यवहाराला नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि दादा कोंडके यांचे चित्रपट ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. अशा वेळी ‘लोकप्रिय वेगळे आणि श्रेष्ठ वेगळे’ अशी सोयीस्कर वाटणी करून वाद मिटविला जातो. परंतु काही कलाकृतींच्या बाबतीत ही वाटणी उपयोगी पडत नाही. चाहता जेव्हा ‘हे मला रमविते’ एवढेच न म्हणता ‘हे माझ्या जगण्याविषयीचे सत्य आहे’ असे म्हणू लागतो, तेव्हा तो रंजनाच्या कक्षेबाहेरचा दावा करीत असतो आणि त्या दाव्याची तपासणी करणे समीक्षेला भाग पडते. पुण्याचा रॅपगायक एम. सी. स्टॅन (अल्ताफ शेख) याच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘तडीपार’ या गीतसंग्रहाभोवतीचा वाद या जातीचा आहे. या वादातील दोन्ही पक्षांची भूमिका तपासून त्यांचे मतभेद नेमके कोठे आहेत आणि कोठे केवळ भासमान आहेत, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पूर्वपीठिका

रॅप म्हणजे तालाच्या ठेक्यावर लयबद्ध रीतीने केलेले, यमक-अनुप्रासांनी घट्ट विणलेले पठण. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत या प्रकाराचा उदय झाला. त्याच्या ‘गँगस्टा’ या उपप्रकारात वस्तीतील टोळ्या, अमली पदार्थांचा व्यापार, पोलिसांशी संघर्ष आणि स्वतःच्या पराक्रमाची बढाई हे विषय येतात. ‘एन. डब्ल्यू. ए.’ या लॉस एंजलिस परिसरातील संघाच्या १९८८ सालच्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ या संग्रहामुळे हा उपप्रकार अमेरिकाभर पोचला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेच्या एका अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण कंपनीला पत्र लिहून पोलिसांविषयीच्या एका गीताबद्दल नाराजी कळविली. पुढे तोच संग्रह अमेरिकेच्या ग्रंथालय-काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०१६ सालच्या निवडीत समाविष्ट केला. सुमारे अठ्ठावीस वर्षांत शासनाच्या दृष्टीने आक्षेपार्ह असलेली वस्तू राष्ट्रीय ठेव्याचा भाग बनली.

या प्रवासातील दोन तपशील येथे विशेष उपयोगी आहेत. पहिला असा, की ‘एन. डब्ल्यू. ए.’ची बरीच गीते लिहिणारा आईस क्यूब हा वास्तुरेखनाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला तरुण होता. गीतातला ‘मी’ आणि गीत लिहिणारी व्यक्ती यांच्यात अंतर होते, आणि ते अंतर ही रचनेचीच एक युक्ती होती. दुसरा तपशील न्यायालयातील आहे. फ्लोरिडातील ‘टू लाइव्ह क्रू’ हा संघ गँगस्टा प्रकारातला नव्हे. पण त्याच्या अश्लील गीतांवरून १९९० साली खटला उभा राहिला, तेव्हा साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी साक्ष दिली. अतिशयोक्ती, टिंगल आणि शाब्दिक कुरघोडी यांची कृष्णवर्णीयांत जुनी मौखिक परंपरा आहे आणि ती ओळखल्याखेरीज या शब्दांचा अर्थ लागणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ज्यूरीने गायकांना निर्दोष ठरविले. गायकांना त्यातून कायद्याचे संरक्षण मिळाले. ती गीते चांगली आहेत की नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या निकालात नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. चाहत्यांच्या युक्तिवादात हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

२. भारतीय संदर्भ आणि दिल्लीतील एक तुलना

भारतात वस्तीजीवनावरील रॅपकडे सर्वसाधारण प्रेक्षकाचे लक्ष गेले ते मुख्यत्वे २०१९ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या ‘गली बॉय’ या हिंदी चित्रपटामुळे. मुंबईतील नेझी आणि डिव्हाइन या गायकांच्या जीवनावरून त्याला प्रेरणा मिळाली होती. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या मुंबईतील समूहाने आरे वसाहतीतील आदिवासींच्या प्रश्नावर ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत केले आणि त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा सहभाग होता. या गीतात अन्यायाविरुद्धची भूमिका उघड होती आणि लोकसंगीताचा धागाही होता. त्यामुळे सुशिक्षित श्रोत्याला त्याचे स्वागत करणे अवघड गेले नाही.

दिल्लीतील उदाहरण याहून उद्बोधक आहे. द्वारकेहून शहराकडे येणारा मेट्रोचा निळा मार्ग टिळकनगरावरून जातो. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वस्ती येथे मोठी असून १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील विधवांच्या पुनर्वसनाची वसाहत शेजारच्या टिळक विहारात आहे. या टिळकनगरातून आलेल्या प्रभ दीप या पंजाबी रॅपगायकाचा ‘क्लास-शीख’ हा संग्रह २०१७ साली निघाला. वस्तीतील व्यसने, मारामाऱ्या आणि कोवळ्या वयातले मृत्यू हा त्याचाही विषय आहे. पण त्याचा ‘मी’ पाहणारा आणि पस्तावणारा आहे. समीक्षकांनी या संग्रहाचे मनःपूर्वक कौतुक केले. तीन वर्षांनी आलेल्या ‘तडीपार’चा ‘मी’ मात्र पस्तावत नाही. तो मिरवितो, शत्रूंना आव्हान देतो, पैशाची व वस्त्रप्रावरणांची बढाई मारतो आणि मध्येच आईवडिलांच्या आठवणीने हळवा होतो. वस्ती दोन्हींकडे आहे, हिंसाही दोन्हींकडे आहे. तरी एकीला समीक्षकांची मान्यता लाभली आणि दुसरीला मुख्यतः चाहत्यांची. तेव्हा आक्षेप हिंसेच्या विषयाला नसून त्या विषयाकडे पाहण्याच्या भूमिकेला आहे, एवढे या तुलनेवरून म्हणता येते.

३. दोन्ही पक्षांचे म्हणणे

भारतीय रॅपवरील समीक्षा वृत्तपत्रे व संगीतविषयक नियतकालिके यांतून, प्रामुख्याने इंग्रजीत, लिहिली गेली आहे. ‘तडीपार’विषयी तिचा सूर एकमुखी नाही, काहींनी त्यातील नवेपणा मान्यही केला आहे. तथापि प्रतिकूल मतांचा गोषवारा चार मुद्द्यांत सांगता येतो. पहिला मुद्दा अनुकरणाचा. खर्जातील गडगडता ठेका, त्यावर वेगाने टिपटिपणारी झांज आणि यंत्राने ताणलेला आवाज ही अमेरिकेच्या दक्षिणेतील अटलांटा शहरात रुजलेल्या ‘ट्रॅप’ शैलीची लक्षणे येथे जशीच्या तशी उचलली आहेत, असे म्हटले जाते. दुसरा मुद्दा उच्चारांच्या अस्पष्टतेचा. रॅपमध्ये ज्या शब्दकौशल्याची अपेक्षा असते ते या ताणलेल्या सुरात बुडून जाते. तिसरा शिवराळपणाचा आणि स्त्रीविषयक अनुदार दृष्टीचा, तर चौथा संपत्तीच्या प्रदर्शनाचा.

चाहत्यांचे उत्तर एका शब्दात सांगायचे तर ‘खरेपणा’ असे आहे. हा गायक पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत वाढला. बालपणी त्याच्यावर कव्वालीगायनाचे संस्कार झाले. संगीतरचनेचा मोठा भाग तो स्वतःच करतो. आणि वस्तीतला मुलगा जसे बोलतो तसेच तो बोलतो. बढाईविषयी त्यांचे म्हणणे असे, की ज्याच्या घरात कालपर्यंत काही नव्हते त्याने नवे बूट मिरविले तर त्यात गैर काय? श्रीमंताने संपत्ती बाळगावी आणि गरिबाने मात्र साधेपणाचा आदर्श घालून द्यावा, ही अपेक्षाच त्यांना अन्यायाची वाटते. या युक्तिवादात बरेच तथ्य आहे.

पुढील घटनांनी हा वाद अधिक तीव्र झाला. ‘बिग बॉस’ या हिंदी दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या सोळाव्या पर्वात १२ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रेक्षकांच्या मतांवर स्टॅन विजयी ठरला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, मार्च महिन्यात, इंदूर येथील त्याचा कार्यक्रम गीतांतील शिव्यांना आक्षेप घेणाऱ्या निदर्शकांनी बंद पाडला. एका घटनेने चाहत्यांना संख्येचा पुरावा दिला, दुसरीने छळाचा. या दोहोंपैकी एकही पुरावा कलामूल्याचा नव्हे. मतांची संख्या आवडीचे मोजमाप करते, आणि ज्यावर हल्ला होतो ते त्या हल्ल्यामुळे श्रेष्ठ ठरत नाही. कार्यक्रम बंद पाडणे गैर होते, हे समीक्षकाने निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. परंतु ते म्हटल्यानंतर मूल्यमापनाचे काम पहिल्याइतकेच शिल्लक राहते.

४. शीर्षकाचा अर्थ

संग्रहाचे शीर्षक हा त्याच्या आकलनाचा एक चांगला प्रवेशमार्ग आहे. ‘तड’ म्हणजे नदीचा काठ, तीर. ‘एखादे काम तडीस नेणे’ या वाक्प्रयोगात पैलतीर गाठण्याची, सिद्धीची कल्पना आहे. ‘तडीपार’ या शब्दात मात्र काठापलीकडे घालवून देण्याची कल्पना रूढ झाली. त्याला आजचा कायदेशीर आशय आहे तो १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमामुळे (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम). त्याच्या ५५, ५६ आणि ५७ या कलमांन्वये टोळीला किंवा व्यक्तीला विशिष्ट क्षेत्राबाहेर जाण्याचा आदेश देता येतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. ही सिद्ध झालेल्या प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा नव्हे. कलम ५६ खाली व्यक्तीच्या हालचालींमुळे भीती वा धोका उत्पन्न होत आहे आणि साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले तरी आदेश निघू शकतो. मात्र कलम ५९ प्रमाणे त्या व्यक्तीला आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवावे लागते आणि खुलासा करण्याची संधी द्यावी लागते.

महाराष्ट्रातील शहरांत निवडणुका किंवा गणेशोत्सव जवळ आले की तडीपारीच्या बातम्या येऊ लागतात. मध्यमवर्गीय वाचकासाठी ती आतल्या पानावरची बातमी असते. वस्तीतल्या मुलासाठी तो शब्द ओळखीच्या कोणाच्या तरी नावामागे लागलेला असतो. हा शब्द गायकाने संग्रहाच्या माथ्यावर घेतला, तेव्हा शासनाच्या दप्तरातील कलंकाचे रूपांतर बिरुदात झाले. हीनतावाचक शब्द उचलून तो अभिमानाने धारण करणे ही दडपलेल्या समूहांची जुनी वाङ्मयीन कृती आहे. शिवाय शब्दाच्या पोटातील जुना अर्थही येथे जागा होतो. ज्याला काठापलीकडे घालवले तोच आपले काम तडीस नेतो आहे, असा एक ध्वनी त्यातून निघतो. समीक्षकांच्या चार आक्षेपांत शब्दाच्या या हाताळणीची दखल घेण्यास जागाच राहत नाही.

५. बोलीचा प्रश्न

संग्रहाची भाषा हिंदी असली तरी ती दिल्लीची हिंदी नाही. दखनी आणि महाराष्ट्रातील शहरांत बोलली जाणारी हिंदी यांचे अनेक विशेष भाषाभ्यासकांना परिचित आहेत. ‘मुझे’ऐवजी ‘मेरेको’, कर्त्यामागच्या ‘ने’ प्रत्ययाचा लोप, ‘वहीच’, ‘अभीच’ यांसारख्या रूपांतील मराठीतून आलेले निश्चयार्थक ‘च’ हे अव्यय ही त्यांची काही उदाहरणे. या बोलीत मराठी शब्द उसना म्हणून येत नाहीत. ते घरचे म्हणूनच वावरतात. ‘शेंबडी’ या आपल्या ओळखीच्या विशेषणाचे ‘शेमडी’ हे रूप स्टॅनच्या तोंडून हिंदी दूरचित्रवाणीवर गेले आणि ज्यांनी मराठीचा एक शब्दही ऐकला नव्हता अशा प्रेक्षकांनी ते उचलले. दिल्ली विकास प्राधिकरणाने आखून वसविलेल्या द्वारकेच्या एखाद्या सेक्टरात राहणारा हिंदीभाषक विद्यार्थी तो शब्द वापरू लागला, तर पुण्याच्या वस्तीतील मराठीचा एक कण, प्रमाण मराठीला डावलून, राजधानीत पोचला असे म्हणावे लागेल.

ही घटना मराठीच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या भाषेचा प्रसार ग्रंथ, नाटक, संमेलन या मार्गांनी व्हावा अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात भाषा कोणत्या वाटेने चालेल हे भाषेचे अधिकारी ठरवीत नाहीत. मराठी समीक्षेने ‘हे हिंदी आहे’ म्हणून या संग्रहाकडे पाहिले नाही आणि हिंदीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ही हिंदी मानवणारी नाही. दोन्ही भाषांच्या वेशीबाहेर राहिलेल्या या बोलीचा विचार मग इंग्रजी लिहिणारा समीक्षक करतो, आणि त्याच्या लेखी तो बोलीचा प्रश्न न उरता उच्चारदोषाचा होतो. दुसऱ्या आक्षेपाचे एक मूळ येथे आहे.

६. ‘गोलपिठा’चा दाखला आणि त्याची मर्यादा

या वादात मराठी वाचकाला नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची (१९७२) आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या वेश्यावस्तीतील आणि गुन्हेगारी जगातील भाषा त्या संग्रहाने कवितेत आणली, तेव्हा ती अनेकांना कविता वाटली नाही. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत, कवितेतील कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत हे मोकळेपणाने मान्य केले. समीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा तो एक आदर्श म्हणता येईल. कारण जे कळले नाही ते त्यांनी कवीच्या माथी न मारता स्वतःच्या अनुभवाची मर्यादा म्हणून नोंदविले आणि त्या जगाची ओळख करून घेतली. पुढे ढसाळांना १९९९ साली पद्मश्री आणि २००४ साली साहित्य अकादमीचा सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. लावणीच्या बाबतीतही असेच घडले आहे. फडावरची म्हणून हिणवली गेलेली राम जोशी, होनाजी बाळा यांची रचना कालांतराने विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आली.

चाहते या दाखल्यांचा आधार घेऊन म्हणतात, की ‘तडीपार’चेही असेच होईल. येथे तर्कदोष आहे. ‘गोलपिठा’ला नाके मुरडली गेली, म्हणून ज्याला ज्याला नाके मुरडली जातात ते सर्व ‘गोलपिठा’ ठरत नाही. या इतिहासातून एवढेच शिकता येते, की पहिल्या नापसंतीवर विसंबू नये. शिवाय दोन्ही कृतींत एक महत्त्वाचा भेद आहे. ढसाळांच्या कवितेत वस्तीतील स्त्री ही दुःख भोगणारी, संतापणारी, कवीला जाब विचारू शकेल अशी व्यक्ती आहे. ‘तडीपार’मधील प्रेमविषयक गीतांत प्रेयसी बहुधा नायकाच्या दुखावलेल्या अभिमानाचे निमित्त म्हणून येते. तिची बाजू ऐकू येत नाही. वस्तीचे चित्र ‘खरे’ असल्याचा दावा ज्या संग्रहाच्या वतीने केला जातो त्यात वस्तीतील निम्मी माणसे मुकी असावीत, ही त्या खरेपणातीलच उणीव होय.

७. रसविघ्नांच्या आधारे

आपल्या काव्यशास्त्रात या गुंतागुंतीचा उलगडा करणारी एक कल्पना उपलब्ध आहे. भरताच्या रससूत्रावर भाष्य करताना अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त सात रसविघ्ने सांगितली आहेत. आस्वाद निर्विघ्न असेल तरच रसप्रतीती होते, हे त्याचे प्रमेय. त्या सातांपैकी तीन येथे लागू पडतात.

पहिले विघ्न स्वगतत्व-परगतत्वाच्या नियमाचे. समोरचे सुखदुःख ‘माझेच आहे’ किंवा ‘दुसऱ्याचेच आहे’ असे पक्के ठरवून घेतले की आस्वाद खुंटतो. ‘तडीपार’च्या वादात हे विघ्न दोन्ही पक्षांनी वाटून घेतले आहे. चाहता म्हणतो, हे माझेच आहे, म्हणून यात दोष असू शकत नाही. समीक्षक म्हणतो, हे त्यांचे आहे. आणि मग तो गीत न ऐकता समाजशास्त्रीय दस्तऐवज वाचू लागतो, किंवा सभ्यतेचा निकष लावून मोकळा होतो.

दुसरे विघ्न निजसुखादिविवशीभावाचे, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होण्याचे. ज्या तरुणाला शाळेत, नोकरीच्या दारात, पोलीस चौकीत अपमान सोसावा लागला आहे, त्याला बढाईचे गीत औषधासारखे लागू पडते. औषधाचा गुण खरा असतो, परंतु तो गीताचा गुण नव्हे. त्या जखमेवर दुसरे एखादे सामान्य गीतही तसाच परिणाम करू शकते.

तिसरे विघ्न प्रतीतीच्या साधनांच्या वैकल्याचे. बोली कळत नाही, किंवा छापील ओळीवरून पारखण्याची सवय लागलेल्या कानाला आवाजाची रचना ऐकू येत नाही, तेव्हा हे विघ्न उद्भवते. या शैलीचा खर्ज १९८० साली आलेल्या ‘रोलँड टीआर-८०८’ या तालयंत्रापासून आला आणि सूर ताणणारे ‘ऑटो-ट्यून’ हे तंत्र १९९७ पासूनचे आहे. त्यांचा उपयोग करणे हा गुणही नाही आणि दोषही नाही. हार्मोनियमही एके काळी परकेच वाद्य होते. प्रश्न उपयोगाच्या औचित्याचा आहे. हळव्या गीतांत यंत्राने कापरा केलेला आवाज रडणे लपविणाऱ्या मुलाच्या आवाजासारखा लागतो आणि तेथे तंत्र आशयाला उपकारक ठरते. आव्हानाच्या गीतांत मात्र तोच कंप, तीच आवर्तने पुन्हा पुन्हा येतात, आणि काही वेळाने वीररसाऐवजी त्याचा आभास उरतो. अनुकरणाचा आक्षेप सरसकट मान्य होण्यासारखा नाही. पुनरावृत्तीचा आक्षेप मात्र टिकतो.

८. तीन प्रश्न

‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात रा. भा. पाटणकरांनी कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. एका ध्रुवावर कलेला जीवनाचे सर्व निकष लागतात आणि दुसऱ्यावर ती स्वायत्त असते. ‘तडीपार’च्या वादात दोन्ही पक्ष या दोन ध्रुवांमध्ये सोयीप्रमाणे ये-जा करताना दिसतात. गीतांची थोरवी सांगताना चाहता म्हणतो, ‘हे खरे आयुष्य आहे’; शिव्यांवर आक्षेप येताच तोच म्हणतो, ‘हे तर केवळ गाणे आहे’. समीक्षकही ‘क्लास-शीख’च्या बाबतीत सामाजिक आशयाला श्रेय देतो आणि ‘तडीपार’च्या बाबतीत, तोही वस्तीचाच आशय असताना, केवळ कारागिरीची मोजणी करतो.

यातून बाहेर पडायचे तर तीन प्रश्न वेगळे केले पाहिजेत : हे खरे आहे काय, हे योग्य आहे काय आणि हे नीट घडले आहे काय. गायकाचा जन्म वस्तीत झाला या गोष्टीने पहिल्या प्रश्नाचेही पूर्ण उत्तर मिळत नाही. कारण गीतातला ‘मी’ ही रचना असते, हे आईस क्यूबच्या उदाहरणावरून स्पष्ट झाले आहे. खरेपणा चरित्रात शोधण्यापेक्षा तो स्वरात, तपशिलात आणि बोलीत शोधणे अधिक फलदायी ठरते. या निकषावर संग्रहाची भाषा आणि आईवडिलांविषयीचा हळवा सूर खरा उतरतो. शत्रूंवरील विजयाची वर्णने मात्र दुसऱ्या देशातील साच्यातून आलेली वाटतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्त्रीचित्रणाच्या बाबतीत प्रतिकूल द्यावे लागते. शिव्यांच्या बाबतीत मात्र ती शिवी कोणाच्या तोंडी आणि कोणाविरुद्ध आहे हे पाहिल्यावाचून ते देता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संमिश्र आहे. एकवीस वर्षांचेही वय नसताना शब्द, आवाज आणि ठेका यांना एकत्र बांधून ओळखू येईल असा स्वतःचा सूर निर्माण करणे ही सामान्य सिद्धी नव्हे. त्या सुराला पुरेसे विषय मिळालेले नाहीत, ही त्याची मर्यादा.

९. समारोप

या विवेचनावरून असे दिसते, की चाहते व समीक्षक यांच्यातील मतभेदाचा मोठा भाग भिन्न प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून निर्माण झाला आहे. प्रश्न एकच धरला तर दोघांना परस्परांकडून शिकण्यासारखे बरेच आहे. चाहत्याजवळ बोलीचे आणि कानाचे ज्ञान आहे. ते नसलेल्या समीक्षकाने तेंडुलकरांप्रमाणे आधी ‘मला कळले नाही’ असे म्हणावे आणि मग ते मिळवावे. समीक्षकाजवळ तुलनेची आणि भेद करण्याची शिस्त आहे; ती चाहत्याने शत्रुत्व समजू नये.

वस्तीतून आलेल्या कलावंताला दोन प्रकारे वाङ्मयाच्या काठापलीकडे घालविता येते. एक, त्याच्या कृतीचे परीक्षणच न करता ती असभ्य ठरवून. दुसरा प्रकार अधिक सौजन्याचा दिसतो : ‘त्याच्याकडून एवढेच अपेक्षित आहे’ असे मानून त्याला सर्व दोष माफ करणे. पहिल्यात त्याला हद्दीबाहेर काढले जाते, दुसऱ्यात हद्दीत घेऊनही बरोबरीचे मानले जात नाही. तडीपारीच्या कायद्यातसुद्धा आरोपांचे स्वरूप लेखी कळविण्याची आणि खुलासा ऐकण्याची तरतूद आहे. मराठीच्या समीक्षेने पुण्याच्या या संग्रहाला आणि त्याच्यामागून येणाऱ्या इतरांना निदान तेवढा न्याय द्यावा : गीते ऐकावीत, बोली शिकावी, गुण कोठे आहे आणि दोष कोठे आहे हे नाव घेऊन सांगावे, आणि उत्तरासाठी जागा ठेवावी.